अक्का, तुम्ही ताट पुढे दिलंत

अक्का, तुमच्या मातीच्या दिवशी जो तो तुमच्याविषयी चांगलंच बोलला, आणि मला सारखं वाटत होतं की आता तुम्ही उठून कोणाला तरी मध्येच थांबवाल. पाळकसाहेब म्हणाले, ह्या बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. ते तमिळमध्ये म्हणाले, पण मला नीट कळलं, कारण तमिळ तुम्हीच मला शिकवलंत. मी माझ्या भावाकडे, शांतवनकडे पाहिलं आणि त्यानं माझ्याकडे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पास्टर, एवढं वाक्य गाळा. ज्यांची दुखावली ती पहिल्याच बाकावर बसली आहेत."

उपासना संपल्यावर बायका माझा हात धरून म्हणत होत्या, "आईसारख्याच होत्या ना तुम्हाला." होतात. पण आईशी माणूस भांडतं. मी शेवटची कित्येक वर्षं तुमच्याशी भांडले नाही. तुमच्याशी गोड बोलले, सणाला येऊन गेले, तुमच्या गुडघ्याची चौकशी केली. आपलं दोघींचं नातं नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. हातात धरलं तर बोचत नव्हतं, आणि धरूनही ठेवता येत नव्हतं.

आपल्या रविवारच्या मंडळीतले लोक म्हणाले, "सुनंदा, तू ग्रॅज्युएट. अक्कांवर तूच लिही." तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, तुमची सेवा हे सगळं इतरांनी सांगून झालं आहे. मला तुमच्याविषयी लिहायचं नाही. तुमच्याशी बोलायचं आहे.

मी मद्रासला आले तेव्हा माझ्याजवळ बी.एस्सी.ची पदवी होती, तालुक्याच्या शाळेतलं इंग्रजी होतं, आणि नगर जिल्ह्याबाहेर मी कधी राहिले नव्हते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील मिशनच्या बोर्डिंगात झाडलोट करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. नुंगंबाक्कमच्या एका केंद्र सरकारी कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली, तेव्हा आमच्या गावच्या पाळकांनी तुम्हाला कळवलं, की एक लेकरू येतं आहे, सांभाळून घ्या. सेंट्रल स्टेशनवर तुम्ही पांढऱ्या साडीत, कडक इस्त्रीत उभ्या होतात. नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंची ऐट अंगात. तुम्ही माझ्या पेटीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "पदवी कशात?"

"रसायनशास्त्रात."

"मग इथलं पाणी उकळून पी. का, ते तुला मी सांगायला नको."

त्यानंतर तुम्ही मला दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना एकाच नावानं दाखवत सुटलात. "ही आमची ग्रॅज्युएट." भाजीवालीला त्याचं काय, अक्का? ती बिचारी वांगी तोलायची थांबून माझ्याकडे बघायची. मी लाजेनं चूर व्हायचे आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा आठवायचे. मला कोणी असं मिरवलं नव्हतं. आमच्या गावात शिकलेली पोर म्हणजे चिंतेची गोष्ट. तिला नवरा कुठला शोधायचा, एवढंच लोक बोलत.

बसच्या पाटीवरची तमिळ अक्षरं तुम्ही मला थांब्यावर उभं करून शिकवलीत. पाटी वाचता आली नाही तर बस सोडायची, असा तुमचा नियम. मी किती बसा सोडल्या. कचेरीत उशीर झाला म्हणून कुरकुरले तर म्हणालात, "उशीर एक महिना होईल. पाटी जन्मभर वाचशील." खात्यातली परीक्षा मी तुमच्या धाकानंच दिली. पहिल्यांदा मंडळीत चारचौघांपुढे विश्वासाची साक्ष दिली, तेव्हा तुम्ही मागून माझा पदर धरून ठेवला होतात, पळून जाऊ नये म्हणून. हे सगळं मी विसरले नव्हते, अक्का. राग आला म्हणजे उपकार विसरायला होतात असं लोक म्हणतात. माझं तसं झालं नाही. उपकार आठवायचे म्हणूनच राग तोंडातून बाहेर पडायचा नाही.

किलपॉकच्या गल्लीतल्या तुमच्या दोन खोल्या आणि रविवारची दुपार. चटया अंथरलेल्या, रेल्वेतली एक-दोन कुटुंबं, पलटणीतले कोणी, तुमच्या हाताखाली शिकलेल्या मराठी नर्सा आणि आम्ही. आठवडाभर तमिळ आणि इंग्रजी बोलून जडावलेल्या जिभा तिथे मोकळ्या व्हायच्या. एकदा गायकवाडकाका त्यांची नेहमीची लांबलचक प्रार्थना करत होते. सगळ्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांसाठी मागून झालं होतं आणि ते आता बेटांकडे वळले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या लॉरीचा हॉर्न वाजला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "गायकवाड, आमेन म्हणा. प्रभू थांबेल, लॉरी थांबत नाही." काकांनी आमेन म्हटलं, आणि सगळी मंडळी प्लास्टिकचे घडे घेऊन खाली पळाली.

त्या रांगेतही तुमचं वेगळंच. बाकीच्या बायका सकाळीच आपला घडा रांगेत ठेवून घरात स्वयंपाकाला जायच्या. तुम्ही कधी नुसता घडा ठेवला नाहीत. उन्हात स्वतः उभ्या राहायचात. मी म्हटलं, "अक्का, सगळेच ठेवतात की."

"घडा उभा राहतो, माणूस सावलीत बसतं. मग रांगेत कोण आहे?"

"पण तुमचे पाय सुजतात."

"पाय सुजतात ते माझे. बोलणी खायची ती घड्यानं का खावीत?"

तेव्हा मी हसले. तुमच्या सचोटीत अशी एक गंमत होती, की ती तुमच्याच अंगाला लागायची. दुसऱ्याला लागायची वेळ आली तेव्हा मला हसू आलं नाही.

आपल्या मंडळीची एक रीत होती. ती तुम्हीच तुमच्या वडिलांच्या खेड्यातल्या चर्चमधून आणलेली. महिन्यातून एकदा तमिळ मंडळीचे पाळक येऊन आपल्याला प्रभुभोजन द्यायचे. आपण जमिनीवर गोल बसायचो आणि भाकरीचं ताट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचं. त्याआधी तुम्ही दर वेळी तेच सांगायचात. ज्याच्या मनात कोणाविषयी काही आहे, किंवा ज्याच्याविषयी दुसऱ्या कोणाच्या मनात काही आहे, त्यानं आज काही न घेता ताट पुढे द्यावं. आधी समेट करावा, मग घ्यावं. कोणी का दिलं हे कोणी विचारायचं नाही. नव्या माणसाला पहिला अर्धा भाग कळायचा. दुसरा पचायला जड जायचा. माझ्या मनात काही नसलं, तरी दुसऱ्याच्या मनातल्या अढीसाठी मी का थांबावं? तुम्ही म्हणायचात, "कारण ती अढी तुझ्या नावाची आहे."

मग शांतवन मद्रासला आला.

आमच्या घरची गोष्ट तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होती, पण हे वाचणाऱ्यांना नसेल. मी थोरली. माझा बाप्तिस्मा लहानपणीच झाला आणि शाळेत गुरुजींनी धर्म विचारला तेव्हा आईनं अभिमानानं 'ख्रिस्ती' सांगितलं. झालं, माझ्या जातीच्या सवलती गेल्या. फीसाठी वडील दारोदार हिंडले. पुष्कळ वर्षांनी शांतवन झाला तेव्हा ते शहाणे झाले होते. त्याला शाळेत घालताना त्यांनी जुनाच धर्म आणि जुनीच जात सांगितली, राजेंद्र असं नाव दिलं, आणि त्याचा बाप्तिस्मा 'पुढे बघू' म्हणून ठेवून दिला. घरात तो शांतवन, शाळेत राजेंद्र. एकाच आईची दोन लेकरं आणि दाखल्यावर दोन धर्म. आमच्याकडे ह्यात कोणाला नवल वाटत नसे. अशी घरं गावात कितीतरी होती. आणि मी आजही म्हणते, त्यात लबाडी आमच्याआधी कायद्याची होती. गावच्या विहिरीवर आईला अडवताना कोणी तिचा धर्म विचारला नव्हता. मग सवलत देतानाच तो का विचारायचा?

शांतवन डिप्लोमा करून माझ्याकडे राहायला आला आणि रविवारी माझ्याबरोबर तुमच्याकडे येऊ लागला. आधी तुमच्या चिवड्यासाठी. मग शास्त्राच्या पाठासाठी. मी कधी विचारले नाहीत असे प्रश्न तो तुम्हाला विचारायचा, आणि तुम्ही त्याला उत्तरं देत नव्हतात, आणखी प्रश्न देत होतात. त्याच सुमारास रेल्वेच्या एका कारखान्यात राखीव जागेवर त्याची निवड झाली. हुकूम यायचा बाकी होता. मी आईला कळवून टाकलं. आणि एका संध्याकाळी शांतवन जेवताना म्हणाला, "ताई, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. आता."

मी ताट तसंच ठेवून तुमच्याकडे आले. आठवतं? तुम्ही शिकेकाई निवडत होतात.

"अक्का, त्याला सांगा थोडं थांब म्हणून. नोकरीत कायम होऊ दे. एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे. माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

"ऐकेल," तुम्ही म्हणालात. "तीच तर पंचाईत आहे."

"पंचाईत कसली? देव काय पळून जातो आहे?"

"देव नाही पळून जात. मला आठवडा दे. मला ह्यातलं कळत नाही."

तुम्ही खरोखरच आठवडा घेतलात. उपास केलात. मला तो नाटकीपणा वाटला. शहाणपण मागितल्यावर ते काय टपालानं येतं? पुढच्या रविवारी सगळे गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत.

"सुनंदा, मी त्याला थांब म्हणणार नाही. पाण्यात उतर असंही म्हणणार नाही. तो लहान नाही."

"म्हणजे हात झटकताय."

"नाही गं. हात झटकणं सोपं होतं. मी थांब म्हटलं तर तो थांबेल, पण मग तो माझ्या शब्दावर थांबलेला असेल. आणि उद्या कोणीतरी दुसरं त्याला आणखी थोडं थांबायला सांगेल."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. अजून कानात आहे. "अक्का, तुम्हाला मिशननं वाढवलं, मिशननं शिकवलं, मिशनच्याच दवाखान्यात नोकरी झाली. तुमच्या प्रामाणिकपणाला पेन्शन आहे. आमच्या पोरांच्या प्रामाणिकपणाला काय आहे?"

मला वाटलं, आता चिडाल. तुम्ही म्हणालात, "हे खरं आहे. हे माझ्या लक्षात नव्हतं आलं असं नाही, पण कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं." मग हळूच म्हणालात, "पण हे खरं आहे म्हणून मी त्याच्या वतीनं ठरवू का? त्याला काय झेपेल आणि काय नाही, ते ठरवणारी मी कोण?"

मी चपला घातल्या आणि निघाले. आपलं भांडण तिथवर आलं आणि थांबलं. अक्का, ते संपलं नव्हतं. माझ्याजवळ अजून बोलायला होतं. तुमच्याजवळही असेल.

बेझंट नगरच्या समुद्रात शांतवनचा बाप्तिस्मा झाला. मी गेले, कारण न जाणं दिसलं असतं. पाळकांनी त्याला लाटेत धरलं, तो वर आला, केस डोळ्यांवर, खारं पाणी नाकात गेल्यामुळे खोकत होता आणि हसत होता. तुम्ही काठावर टॉवेल घेऊन उभ्या होतात. तो टॉवेल माझ्या हातात असायला हवा होता. मला अजून वाटतं, की त्या घटकेला मला नोकरीपेक्षा त्या टॉवेलाचं जास्त लागलं.

त्यानंतर शांतवननं स्वतः कारखान्याच्या कचेरीत जाऊन सांगितलं, की मी ख्रिस्ती आहे, राखीव जागेवर माझा हक्क राहिला नाही. हे करायला त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, तुम्हीसुद्धा नाही. तिथला साहेब भला माणूस असावा. तो धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला म्हणे, "तंबी, मी काही ऐकलं नाही, घरी जा आणि विचार कर." शांतवन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

आईला हे समजावता समजावता माझी वाचा बसली. तिला एवढंच कळलं, की पोराची सरकारी नोकरी देवानं दिली आणि मद्रासच्या बाईनं काढून घेतली. ती त्याच दुःखात गेली असं मी म्हणणार नाही. ती म्हातारपणानं गेली. पण ते दुःख तिच्याबरोबर गेलं, हे मात्र खरं.

शांतवनला अंबत्तूरच्या एका लहानशा कारखान्यात काम मिळालं. ते शोधायला तुम्ही त्याच्याबरोबर भर उन्हात फाटकाफाटकावर हिंडलात, हे मला नंतर कळलं. कळल्यावर मी निवायला हवं होतं. मी म्हटलं, आधी बुडवायचं आणि मग काठावर शोधत हिंडायचं. हे मी तुम्हाला नाही, शांतवनला म्हटलं. तो ग्रीस लागलेले हात धूत होता. म्हणाला, "ताई, तू अक्कांवर का रागावतेस? पाण्यात मी उतरलो." त्याला माझा राग पोचतच नव्हता, म्हणून मी तो तुमच्याकडे वळवला होता. एवढं कळण्याइतकी मी शिकलेली होते. कळून राग जात नाही, हे मात्र कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत.

त्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी ताट तुमच्या हातात आलं आणि तुम्ही काही न घेता पुढे दिलंत.

सगळ्यांनी पाहिलं. रीतीप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. ताट माझ्याकडे आलं. अढी माझ्या मनात होती, म्हणजे मीही ते पुढे द्यायला हवं होतं. पण आपण दोघींनी दिलं असतं तर गोष्ट उघड झाली असती. मी भाकरी घेतली. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. गायकवाडकाकांनी तुमच्यासाठी मोघम प्रार्थना केली, त्यात तुमच्या गुडघ्यांचाही उल्लेख होता. मला वाटायचं, ह्या मुद्दाम करतात, मला लाजवायला. पण तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलंसुद्धा नाहीत. ताट पुढे देऊन तुम्ही डोळे मिटून बसायचात, आणि तुमचे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे, मागायला बसल्यासारखे.

तुम्ही माझ्या घरी आलात. माझ्या घरमालकीणबाई, रुक्मिणी मामी, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या. त्यांचं मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं आणि मधोमध तमिळचा हेल. तुम्हाला त्यांच्याशी बोलायला फार आवडायचं. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याशी दोन शब्द बोललात आणि सरळ आत आलात.

"सुनंदा, तुझ्या मनात आहे. बोलून टाक."

"छे अक्का, काही नाही. कचेरीत फार काम आहे हल्ली. कॉफी घेता ना?"

"कॉफी नको. भांड."

"भांडायला काय झालंय? तुम्ही पण ना."

मी कॉफी केली, पेल्यात-वाटीत ओतून समोर ठेवली. ती निवली. तुम्ही उठलात. तुम्ही गेल्यावर मामी दारात येऊन म्हणाल्या, "तुझी अक्का कापी न पिता गेली की गे. एवढं काय बोललीस?" मी म्हटलं, "काहीच नाही, मामी." मामी म्हणाल्या, "तेच की."

तुम्ही पुन्हा एकदा आलात. तेव्हा मी आणखी चांगली कॉफी केली.

ह्या वर्षांत आपण एकमेकींना भेटत होतो, हे वाचणाऱ्यांना विचित्र वाटेल. तुमच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला मी रजा काढून बसले होते. माझ्या बढतीचे पेढे तुम्ही गल्लीभर वाटलेत. पुन्हा 'आमची ग्रॅज्युएट'. शांतवनचं लग्न झालं, त्यात तुम्ही वरमाईच्या जागी बसलात. मी बसवलं तुम्हाला. लोक म्हणाले, बघा कसं प्रेम. प्रेम होतंच. पण प्रेमाच्या मधोमध एक खोली कुलूप लावून ठेवली होती, आणि आपण दोघी तिच्या दारावरून पाय न वाजवता ये-जा करत होतो. तुम्ही तर महिन्यातून एकदा, सगळ्यांच्या देखत, सांगत होतात की इथे कुलूप आहे. मीच नाही म्हणत होते.

शांतवन आता श्रीपेरुंबुदूरच्या एका मोठ्या कारखान्यात आहे. कंपनीची बस सकाळी त्याला गल्लीच्या कोपऱ्यावरून घेऊन जाते. बरं चाललं आहे. पण बरं चाललं म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही, अक्का. अंबत्तूरची ती वर्षं त्याच्या पाठीत बसली आहेत, रात्री त्याला कूस बदलता येत नाही. आणि वाईट झालं असतं तर तुमचं चूक ठरलं असतं, असंही मला वाटत नाही. मला तुमच्याशी हेच बोलायचं होतं. खरं वागावं हे मला बोर्डिंगात शिकवलं होतं. पण खरं वागण्याची किंमत कोणाकडून घ्यायची, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्यानंच ती पुन्हा पुन्हा का द्यायची, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्हाला उत्तर आलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, आठवडा दे. मला तो आठवडा हवा होता.

दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले ती वेळ दुपारची होती. तुमच्याच विद्यार्थिनी आता तिथे वॉर्ड सांभाळत होत्या. एका मुलीला तुम्ही चादरीचा कोपरा पुन्हा दुमडायला लावत होतात, आवाज नव्हता तरी बोटानं. ती गेली. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत.

"पास्टर येणार आहेत. प्रभुभोजन घेऊन. त्याआधी एक विचारते."

"बोलू नका अक्का, दम लागेल."

"लागू दे. शांतवनच्या बाबतीत तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे?"

तुमच्या नाकाला नळी होती. मनगटं इतकी बारीक झाली होती, की बांगडी कोपरापर्यंत गेली होती. मी म्हटलं, "नाही अक्का. काही नाही. कधीच नव्हतं."

"कधीच?"

"कधीच."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं. उशी जरा वर कर."

मी उशी वर केली. पाळकसाहेब आले. त्यांनी ताट पुढे केलं आणि इतक्या वर्षांनी तुम्ही भाकरीचा तुकडा उचललात. तुम्ही तो ओठांपर्यंत नेत होतात, आणि मी खालून कोपराला आधार दिला. माझ्या शब्दावर तुम्ही तो तुकडा घेतलात. आणि त्याच आठवड्यात गेलात.

शांतवनला हे सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं केलंस ताई. शांतीनं गेल्या." सगळेच असं म्हणतील. मरणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं? पण मला झोप नाही. 'नाही' एवढंच म्हटलं असतं तर कदाचित खपलं असतं. 'कधीच नव्हतं' हे मी का जोडलं? तुम्ही स्वतः माझ्या घरी आला होतात. मी चपला घालून निघाले ते तुम्ही पाहिलं होतं. मग ते ऐकल्यावर तुम्हाला कळलं नसेल, असं कसं मानू? आणि कळूनही तुम्ही तुकडा घेतला असेल, तर तो कशासाठी? माझ्यासाठी? मला मोकळं करायला तुम्ही आयुष्यभराची रीत मोडलीत? की तुम्ही खरंच विश्वास ठेवलात, कारण तुमच्या ग्रॅज्युएट पोरीनं सांगितलं म्हणून? ह्यातलं कोणतं मला जास्त सोसवेल, तेही मला ठरवता येत नाही.

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तो दयेचा शब्द होता, देव समजून घेईल. देव घेईल. पण तुम्ही मला प्रश्न विचारला होता, देवानं नाही.

म्हणून आता खरं सांगते. होतं, अक्का. माझ्या मनात होतं. शांतवन समुद्रातून वर आला त्या दिवसापासून होतं, तुमच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी होतं, लग्नात तुम्हाला वरमाईच्या पाटावर बसवताना होतं, आणि तुमची उशी वर करतानाही होतं. थोडं अजून आहे. तुम्ही त्याला थांब म्हणायला हवं होतं, असं मला अजून अर्धं वाटतं. आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचा इतका आदर आहे, की तो ह्या अर्ध्याला शेवटपर्यंत बोलू देत नव्हता.

हे मी त्या दुपारी म्हटलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही पास्टरांना बाहेर थांबवलं असतंत. मला म्हणाला असतात, "खुर्ची ओढ, बस." आणि नळी नाकात असताना, धापा टाकत, तुम्ही माझ्याशी भांडला असतात. मी नको नको म्हटलं असतं, तुम्ही ऐकलं नसतंत. कदाचित समेट झाला असता. कदाचित नसता झाला, आणि तुम्ही ताट पुढे देऊनच गेला असतात. पण मी तुमच्या मनगटाकडे पाहिलं आणि ठरवलं, की ह्यांना आता झेपणार नाही.

तुमच्या वतीनं ठरवलं, अक्का. मी कोण?